चौकटीबाहेरची थाळी

परसातल्या पक्ष्यांची छायाचित्रे काढू लागलेल्या माणसाला पहिल्या महिन्याभरातच एक सल्ला मिळतो. दाण्यांच्या थाळीपासून हातभर अंतरावर एखादी वाळकी फांदी बांधावी. पक्षी थाळीत थेट उतरत नाही. आधी जवळपास बसतो, मान वळवून अंदाज घेतो आणि मगच खाली येतो. त्या बसण्याच्या क्षणी बटण दाबावे आणि थाळी चौकटीबाहेर ठेवावी. मागची भिंत पुरेशी दूर असली की ती धूसर होते, करड्या-हिरव्या रंगाचा पडदा तेवढा उरतो, आणि पाहणाऱ्याला वाटते, हे रान आहे.

सल्ला अचूक आहे. गेल्या मार्गशीर्षापासून मी तो पाळते आहे. शेवग्याची एक फांदी बांधली आहे, स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली आहे. चिमण्या, होले, साळुंक्या, क्वचित ठिपकेवाल्या मुनियांचा थवा. तंत्र म्हणावे तर फारसे नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा वेग, सकाळचे तिरपे ऊन आणि फोकस डोळ्यावर. डोळ्यात प्रकाशाचा ठिपका नसेल तर जिवंत पक्षीही पेंढा भरल्यासारखा दिसतो. हे हाताला लवकर वळण पडते. अडते ते थाळीपाशी.

वर्गात ललित निबंध शिकवताना मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारते, की या ‘मी’ने काय गाळले आहे? आपल्याकडच्या कितीतरी निसर्गवर्णनांत निवेदक खिडकीशी बसलेला असतो आणि पक्षी आपणहून येतो. दाणे कोणी टाकले, पाणी रोज कोण भरते, याचा उल्लेख नसतो. ते काम बहुधा घरातली बाई करत असते, हा आणखी वेगळा विषय. मुद्दा असा की ज्या गाळण्याकडे बोट दाखवणे हा माझा व्यवसाय आहे, तेच गाळणे कॅमेऱ्यात कौशल्य म्हणून शिकवले जाते.

त्यामागे नियमही आहे. फियाप, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी मिळून केलेल्या निसर्गछायाचित्राच्या व्याख्येत मानवी घटकांना मज्जाव आहे. अपवाद आहे तो माणसाने बदललेल्या परिसराशी जुळवून घेतलेल्या जीवांचा. उदाहरणे दिली आहेत ती गव्हाणी घुबड आणि करकोचा यांची. घरचिमणी या अपवादात बसावी, असे मला वाटते. तिच्या मराठी नावातच घर आहे.

थाळी गाळली की पारवेही गळतात, हे एक सोयीचे आहे. दाणे टाकले की चिमण्यांआधी तेच येतात. त्यांचे छायाचित्र मात्र कोणी दाखवत नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हा पुण्य आणि फुप्फुसे असा वाद पेटला होता. मूठभर दाणे टाकणारा प्रत्येक जण त्या वादात लहानसा पक्षकार असतो. वरच्या मजल्यावरून तक्रार आल्यापासून मी दाणे मोजूनच ठेवते.

आणि तरीही थाळी हवीच, कारण तिच्यामुळे एक गोष्ट दिसली. रोज त्याच जागी, त्याच उजेडात काढलेली चिमण्यांच्या नरांची चित्रे ओळीने लावली, तर गळ्यावरचा काळा डाग महिन्यागणिक मोठा आणि गडद होत गेलेला दिसतो. नवी पिसे मात्र आलेली नसतात. पिसांची फिकट टोके झिजत जातात आणि खालचा काळा रंग उघडा पडतो. विणीच्या काळात चोचही काळी होते. म्हणजे ऐन शृंगाराचा साज झिजेतून येतो. रीतिकाव्याच्या तासाला हे सांगावे की काय, असा मोह होतो. एकेका सुंदर चित्रात यातले काही सापडत नाही. त्यासाठी एकच जागा लागते, आणि ती जागा दाण्यांनी तयार केलेली आहे.

अशा वेळी सलीम अली आठवतात. लहानपणी त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती ओळखून घेण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथे मिलार्ड यांनी त्यांना पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. पुढचे सगळे आयुष्य त्या दारातून आत गेले. 1985 मध्ये आत्मचरित्र आले तेव्हा त्याचे नाव त्यांनी ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ असे ठेवले. कुणालाही झाकावीशी वाटेल अशी गोष्ट त्यांनी मुखपृष्ठावर घेतली. माझ्या हातात बंदूक नाही, मूठभर बाजरी आहे. ती लपवण्यासारखे तर त्यात काहीच नाही.

या चैत्रात दाणे आणखी कमी केले आणि पाण्याची थाळी मोठी केली. दाण्यांकडे ढुंकूनही न पाहणारे कीटकभक्षी पक्षी पाण्यावर येतात. दयाळ आला, चष्मेवाले आले, आणि परवा दुपारी शिंपी. शेपटी ताठ करून तो थेट कडेवर उतरला; फांदीकडे त्याने पाहिलेही नाही. त्या चित्रात थाळीचा उडालेला टवका आहे, काठाचे शेवाळ आहे, मागे धुण्याच्या दगडावर साबणाची वडी आहे. ते मी कापलेले नाही.