बत्तीस दातांचा दुसरा हिशेब

(द्वितीय वर्ष, कला)

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण सारेच शाळेपासून ऐकत आलो. माझ्या ताईच्या बाबतीत तिला एक नवीन शेपूट जोडावे लागेल: दात आहेत, चणेही आहेत, पण चावण्याचा परवाना नाही!

ताई दातांची डॉक्टर. बी. डी. एस.ची चार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक वर्ष पुरे करून तिने तीन वर्षे सांगलीत प्रॅक्टिस केली. लग्न होऊन ती न्यू जर्सीला गेली आणि विमानातून उतरताक्षणी कायद्याच्या लेखी डॉक्टर राहिली नाही. नुसत्या परदेशी पदवीवर तिथे दवाखाना थाटता येत नाही. परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा, आणि बहुतेक राज्यांना पदवी हवी ती तिथल्याच मान्यताप्राप्त दंत महाविद्यालयाची. त्यासाठी काही महाविद्यालयांनी बाहेरून शिकून आलेल्या दंतवैद्यांकरिता साधारण दोन ते तीन वर्षांचा 'अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंग' अभ्यासक्रम ठेवला आहे. म्हणजे अगदी पहिलीत नव्हे, पण पुन्हा वर्गात बसायचेच.

त्यामुळे गेले वर्षभर आमच्या घरात एकच प्रश्न होता: अर्ज कोठे करावा? आमच्याकडे सकाळचे साडेसात वाजले की उन्हाळ्यात तिकडे रात्रीचे दहा वाजतात. ताई फोनवर सांगे आणि मी वहीत रकाने आखून लिहून घेई. मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थिनीला दातांचे काय कळणार, असे तुम्ही म्हणाल. पण लिहून घेता घेता पुष्कळ कळले.

पहिल्यांदा कळले ते असे की, तिथे दात मोजण्याची रीतच निराळी आहे. आपल्याकडे दंतवैद्य तोंडाचे चार भाग करतात आणि प्रत्येक भागात मधोमधून मागे मोजत जातात. वरचा उजवीकडचा समोरचा दात ११ नंबरचा, तर त्याच ओळीतली शेवटची अक्कलदाढ १८ नंबरची. अमेरिकेत १ ते ३२ असे सलग आकडे आहेत. आपला ११ तिथे ८ होतो आणि १८ नंबरची अक्कलदाढ थेट १ होते. आपल्याकडे सर्वांत शेवटी येणारी अक्कल तिथे पहिल्या नंबरावर, असे मी म्हटले तेव्हा ताई पुष्कळ दिवसांनी मोकळेपणी हसली. मग म्हणाली, "दात तोच गं, मोजणारा बदलला. माझंही तसंच झालंय."

पदव्यांचेही तसेच. कुठे डी. डी. एस. देतात, कुठे डी. एम. डी. जगातले पहिले दंत महाविद्यालय १८४० मध्ये बाल्टिमोरला निघाले. त्याची पदवी डी. डी. एस. १८६७ मध्ये हार्वर्डने आपले दंत विद्यालय काढले आणि लॅटिन नावावरून डी. एम. डी. सुरू केली. दोहोंचे शिक्षण आणि अधिकार सारखेच. तेव्हा तो रकाना आम्ही खोडून टाकला.

अण्णांचे मत ठाम होते. अर्ज करायचा तर नावाजलेल्या ठिकाणीच: बोस्टन, फिलाडेल्फिया, सॅन फ्रान्सिस्को. जन्मभर शिक्षकी केलेल्या माणसाला मोठ्या विद्यापीठाच्या नावाचा मोह पडला तर नवल नाही. पण ताईचे रकाने वेगळे होते. काही महाविद्यालये फक्त नागरिकांचे आणि ग्रीन कार्डवाल्यांचेच अर्ज घेतात. ती नावे पहिल्याच दिवशी गळाली. राष्ट्रीय परीक्षा तर सगळ्यांनाच. दोन दिवस, पाचशे प्रश्न, आणि निकाल नुसता पास की नापास. तिथे गुणांची चढाओढ नाही. म्हणून निवड होते ती बी. डी. एस.चे गुण, अनुभव, शिफारसपत्रे आणि मुलाखत यांवर. काही ठिकाणी मात्र 'बेंच टेस्ट' घेतात. बनावट जबड्यातला प्लॅस्टिकचा दात कोरून, मुकुटासाठी घासून दाखवायचा. ताईचे गुण बेताचे, हात मात्र सोन्याचा. हात पाहणारी महाविद्यालये तिने वहीत वर घेतली आणि जेवणाच्या टेबलावर मेणाचे दात कोरायला बसली.

शेवटचा रकाना पैशाचा. खासगी महाविद्यालयाची नुसती शिकवणी फीच वर्षाला लाख डॉलरच्या आसपास जाते. दोन वर्षांचे रुपये केले तर दीड कोटीच्या वर. प्रत्येक वाढीव अर्जामागे आणखी फी. इंग्रजीच्या परीक्षेचे गुणही दोनच वर्षे टिकतात. तिथल्या बहुतेक खासगी कर्जांना तिथलाच नागरिक किंवा कायमचा रहिवासी जामीन लागतो. ताई-दाजींना असा जामीन कोठून मिळणार? एका सकाळी अण्णांनी काही न बोलता घराचे कागद कपाटातून काढून फोनसमोर ठेवले. आई पदराशी चाळा करीत उभी होती. ताई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अण्णा, ते कागद आत ठेवा. मला दातांची कीड काढायचीय, आपल्या घराला लावायची नाही."

त्या दिवशी पंधरा नावांची सहा झाली. नेवार्कचे रटगर्स हे राज्य विद्यापीठ पहिले आले, कारण घरून रेल्वेने जाता येते. न्यूयॉर्क विद्यापीठाचे महाविद्यालय देशातले सर्वांत मोठे. फी डोळे पांढरे करणारी, पण बिऱ्हाड हलवायला नको म्हणून राहिले, तेही प्रवेश मिळाला तर फेरविचार करायचा या अटीवर. उरलेली चार हात पाहणारी. अण्णांच्या आवडीचे एकही नाव उरले नाही. त्यांनी यादी दोनदा वाचली आणि एवढेच म्हणाले, "तिला कळतं."

मला या निमित्ताने डॉ. रफिउद्दीन अहमदांची आठवण होते. त्यांनी १९१५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि १९२० मध्ये कलकत्त्यात भारतातले पहिले दंत महाविद्यालय काढले. तिथली विद्या त्यांनी इकडे आणली. इकडची विद्या घेऊन तिकडे गेलेल्या माझ्या बहिणीला मात्र ती पुन्हा सिद्ध करावी लागते आहे. यात तिथल्या लोकांचे सगळेच चुकते असे मी म्हणणार नाही. अनोळखी माणसापुढे तोंड उघडून बसायचे तर त्याचा हात कोणीतरी तपासलेला असावा, असे मलाही वाटते. पण तपासणी हाताची व्हावी, बापाच्या घराच्या कागदांची नव्हे.

आपण बारावीनंतर महाविद्यालय निवडतो तेव्हा नाव पाहतो, मैत्रिणी पाहतात तेच पाहतो. ताईने सहा नावे निवडली ती एकच प्रश्न विचारून: मला जे येते ते कोण बघेल, आणि ते बघण्याची किंमत माझ्या माणसांना झेपेल का? अर्ज गेले आहेत, उत्तरे यायची आहेत. तोवर सांगलीच्या तिच्या जुन्या पेशंट अधूनमधून फोन करतात, "बाई, दाढ ठणकते हो." ताई कुठली दाढ ते विचारून घेते, सल्ला देते, आणि नंबर सांगताना अजून आपलाच सांगते.