चौघांचं काम नव्हे

आपल्याकडे प्रथमोपचार कुणाला शिकवावा लागत नाही, तो रक्तातच असतो. रस्त्यात एखादा चक्कर येऊन पडला, की जमलेल्या पंचवीस माणसांतली चोवीस डॉक्टर असतात आणि पंचविसावा ‘बाजूला व्हा, हवा येऊ द्या’ असं ओरडत स्वतः हवा अडवून उभा असतो. एक जण कांदा मागवतो. दुसरा चप्पल काढून नाकाशी धरतो. तिसरा बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततो. भाजलं तर टूथपेस्ट, कापलं तर हळद, आणि मुरगळलं की जोराने चोळायचं, म्हणजे जे नुसतं मुरगळलं होतं त्याचं सोनं होतं. एवढं सगळं सोसूनही माणसं उठून घरी जातात, यावरून मनुष्यदेह किती चिवट आहे ते लक्षात येतं.

तरीही वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी डोंगरातल्या प्रथमोपचाराच्या शिबिराला जाऊन बसलो. त्याला कारण आमची बँक. बँक म्हणजे आमचा मित्र. वकील, पोस्ट, बँक आणि मी अशी आमची चौघांची टोळी आहे. एकमेकांना आम्ही हुद्द्यानेच हाका मारतो. हुद्दे निवृत्त झाले, हाका राहिल्या. गेली एकतीस वर्षं दर हिवाळ्यात आम्ही राजगडावर जातो. गेल्या पावसाळ्यात बँकेच्या हृदयात दोन स्टेंट बसले. काही महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, चालत जा. बँकेने त्याचा अर्थ राजगड असा लावला. डॉक्टरांना पुन्हा विचारलं, तर ते म्हणाले, हरकत नाही, पण बेताने आणि सोबत घेऊन. झालं! सोबत म्हणजे आम्ही.

त्या रात्री वहिनींचा फोन आला. “भावजी, तुम्ही असाल हो बरोबर. पण वर काही झालं तर तुम्हाला त्यातलं काय कळतं?”

एकतीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. उत्तर नव्हतंच. आठवडाभरात चौघांचीही नावं नोंदवली, खुद्द बँकेचंसुद्धा. शिबिर दोन दिवसांचं, लोहगडाच्या पायथ्याशी. बाकीची सगळी मंडळी विशी-पंचविशीतली. त्यांच्या एकेका बुटाच्या किमतीत माझ्या पहिल्या पगाराचे दोन महिने निघाले असते. शिकवायला एक मुलगी होती, असेल सत्तावीस वर्षांची. आम्ही तिला मॅडम म्हणायचो, ती आम्हाला काका म्हणायची, आणि हा व्यवहार दोन्ही बाजूंना थोडा अवघड जात होता.

पहिलाच प्रश्न, रानावनातला प्रथमोपचार वेगळा का? तर जिथून दवाखाना तासाभराहून लांब, ते रान. या व्याख्येने संध्याकाळी सहा वाजता आमचा पौड फाटाही घनदाट अरण्यात मोडतो, असं पोस्टने निदर्शनास आणून दिलं. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, “बरोबर आहे काका. म्हणूनच मदत येईपर्यंतचे ते दोन-चार तास आपण काय करायचं, तेवढंच शिकायचंय.”

खरं सांगायचं, तर त्याहून जास्त वेळ गेला तो काय करायचं नाही, हे शिकण्यात. धावायचं नाही, हा पहिला धडा. कुणी पडला की आधी थांबून बघायचं, जी दरड त्याच्यावर आली ती अजून यायची आहे का, ज्या मधमाश्या त्याला चावताहेत त्या तुमची वाट बघताहेत का. आपल्या गडांच्या कड्यांवर आग्या माश्यांची पोळी लटकलेली असतात. त्यांच्या खाली धूर नको, आरडाओरडा नको, उग्र अत्तर नको. इथे सगळ्यांनी वकिलाकडे पाहिलं. माश्या उठल्याच तर हात झाडत नाचायचं नाही. तोंड झाकून लांब पळायचं, आणि मग जे काटे अंगात रुतले असतील ते जमेल तसे पण ताबडतोब काढायचे. काढण्याच्या शास्त्रशुद्ध पद्धतीवर वाद घालत बसलात, तर तेवढ्यात काटा आपलं विष पोचवून मोकळा होतो.

साप आला तेव्हा वर्गात जान आली. आमच्या पिढीचं सर्पदंशाचं शिक्षण चित्रपटगृहात झालेलं. नायिकेच्या पायाला साप डसतो, नायक साडीचा पदर फाडून पाय करकचून बांधतो, चाकूने चीर देतो आणि विष ओढून थुंकतो. पुढच्या रिळात दोघं लग्न करतात. मॅडमनी एकेक करून सगळं बाद केलं. बांधायचं नाही, रक्तपुरवठा तुटून पाय जायचा. कापायचं नाही. चोखायचं तर मुळीच नाही. साप मारून डॉक्टरला दाखवायला न्यायचा नाही, कारण त्या नादात दुसरा पेशंट तयार होतो. अंगठी, घड्याळ, पैंजण काढायचे, कारण सूज येणार. हात किंवा पाय काठीला सैलसर बांधून स्थिर ठेवायचा, पेशंटला चालू द्यायचं नाही, धीर द्यायचा आणि दवाखाना गाठायचा. “मग आम्ही करायचं काय?” असं एका तरुणाने अगदी रडवेल्या सुरात विचारलं. लग्नाची आशा सुटलेली दिसत होती.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं. घोड्यांना थोडंथोडं विष टोचतात आणि त्यांच्या रक्तातून ते मिळवतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये ते वर्षानुवर्षं बनत आलेलं आहे. म्हणजे डोंगरात साप चावला, तर शेवटी आपल्याला वाचवणार कोण? घोडा. शिवकालापासून हे चालत आलंय म्हणायचं. मण्यारीचं मात्र ऐकून अंगावर काटा आला. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि पुष्कळदा दुखतही नाही. देवळाच्या ओवरीत सतरंजी टाकून घोरण्यात आम्ही तीस रात्री काढल्या आहेत. त्या आठवून चौघंही काही वेळ गप्प होतो.

मोडलेल्या हाडाला आधार द्यायला काहीही चालतं, काठी, छत्री, गुंडाळलेली चटई. मोडलं त्याच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे हलता कामा नयेत, आणि बांधून झाल्यावर बोटं गार तर पडली नाहीत ना, ते पाहत राहायचं. बांधायला ओढणी सर्वांत उत्तम. उन्हाने कुणी तापून बरळायला लागला तर सावलीत घ्यायचं, कपडे सैल करायचे आणि पाणी ओतून वारा घालायचा, आधी अंग थंड करायचं. जुलाबाला लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असल्याच मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे असंख्य रोगी वाचवले. साखर आणणाऱ्या आजीबाई अगदीच चुकत नव्हत्या, एवढंच माझ्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी स्ट्रेचर. दोन बांबू घ्यायचे, शर्टांच्या बाह्या आत उलटवायच्या, बटणं लावायची आणि बाह्यांतून बांबू ओवायचे. “पेशंट कोण होतंय?” मॅडमनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता माझ्याकडे बघितलं. माझं वजन चौऱ्याऐंशी किलो आहे. वर्गातल्या मुलांचे चेहरे उतरले. वकिलाचा लिननचा शर्ट कमरेखाली होता. तो पहिल्या शंभर पावलांतच उसवला.

अर्ध्या किलोमीटरच्या पायवाटेला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. सहा जण उचलणारे, सहा बदलीचे, एक पुढे वाट दाखवणारा. मेल्यावर चौघं पुरतात. जिवंत माणसाला मात्र डझनभर लागतात, कारण जिवंत माणूस वाकडा होतो, घसरतो आणि सूचना करतो. मी आडवा, वर आभाळ, कानावर उचलणाऱ्यांचा संवाद. मळवलीला मिसळ कुठे चांगली मिळते, हा विषय होता. मधेच बँकेचा चेहरा दिसला. त्याला उचलायला मनाई होती, तो नुसता बाजूने चालत होता आणि माणसं मोजत होता. “आपण चौघंच जातो रे,” तो हळूच म्हणाला. “मी गेलो की तीनच उरता.”

दुपारी छाती दाबण्याचा धडा झाला. रबरी पुतळा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, पाच सेंटिमीटर खोल, तीस दाबांना दोन श्वास, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. ठेक्यासाठी एखादं गाणं मनात म्हणा, म्हणाल्या. पोस्टने आमच्या वाड्यातल्या गणपतीच्या आरतीचा ठेका धरला. सुरुवातीच्या गतीने पेशंट दगावला असता, पण शेवटी प्रसाद दिसायला लागल्यावर आरती जी धावत सुटते, ती गती बरोबर एकशेदहा भरली.

तेवढ्यात बँकेने हात वर केला. “मॅडम, हे राजगडावर केलं, तर उपयोग होतो का?”

त्या मुलीचं मला कौतुक वाटलं. तिने थाप मारली नाही. ती खाली पुतळ्याशेजारीच बसली आणि म्हणाली, “काका, हे करायचंच. पण यानं फक्त वेळ मिळतो. शॉक देणारं यंत्र आणि दवाखाना लवकर मिळाला, तर माणूस परत येतो. गडावर ते मिळायला काही तास जाणार. तिथं हृदय थांबलं, तर आशा फार थोडी.”

पत्र्यावर माकड उडी मारून गेलं, तेवढाच आवाज.

“पण हृदय एकदम थांबतंच असं नाही,” ती पुढे म्हणाली. “आधी छाती भरून येते, घाम येतो, हात दुखतो, दम लागतो. त्या वेळी माणसं काय म्हणतात?”

“ॲसिडिटी!” आम्ही चौघं एका सुरात म्हणालो. मराठी पुरुषाला हृदय नसतंच, पित्त असतं. चढावर धाप लागली तर तो फुलांचे फोटो काढायला थांबतो, पण ‘मला होत नाही’ म्हणत नाही.

मग तिने नियम घालून दिला. कुणीही ‘थांबा’ म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. कारण विचारायचं नाही, चेष्टा करायची नाही, ‘आता आलंच, पाचच मिनिटं’ असं तर अजिबात म्हणायचं नाही. बरं वाटेना तर बसायचं आणि १०८ ला फोन करायचा, पायी उतरायला लागायचं नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःच्या वरच्या खिशात. सॅकच्या तळाशी नको आणि सॅक दुसऱ्याच्या पाठीवर तर नकोच. फोनला रेंज कुठे येते, ते जातानाच बघून ठेवायचं. (गडावर रेंज एखाद्याच बुरुजावर येते आणि तिथे आधीच कुणीतरी सेल्फी काढत असतं.)

प्रमाणपत्र मिळालं. ते दोन वर्षांनी बाद होतं म्हणे. माझं मॅट्रिकचं अजून चालतं, आणि त्यातलं मला काहीही आठवत नाही.

जानेवारीत आम्ही राजगडावर गेलो. चोरदरवाजाची वाट सोडून पाली दरवाजाच्या पायऱ्यांनी, आणि चौघांऐवजी नऊ जण. शिबिरातली पाच पोरं हौसेनं बरोबर आली होती. पद्मावती माचीवर पिठलं-भाकरी झाली. तिथून बालेकिल्ल्याची वाट लागते. एकतीस वर्षांत बँक तिथे कधी दुसरा पोचला नव्हता. या खेपेला कडा सुरू होतो तिथे, रेलिंगच्या अलीकडे, तो म्हणाला, “थांबा.”

नऊच्या नऊ जण थांबले. कुणी काही विचारलं नाही. पोस्टने त्याचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत ओठ हलवायला सुरुवात केली. वकिलाने वरच्या खिशातली गोळी जागेवर आहे ना, ते चाचपलं. मी त्याच्या कपाळाला हात लावला, घाम नव्हता. पोरं नुसतीच आमच्याकडे बघत होती, आणि त्यांतल्या एकीने गुपचूप ओढणी काढून हातात घेतली होती.

“दुखत नाहीये रे,” बँक म्हणाला. “दम लागला थोडा. नियम आहे म्हणून सांगितलं.”

बसलो. ताकवाली मावशी हंडा घेऊन शेजारीच होती. “काय झालं दादांना?” तिने विचारलं.

“काही नाही मावशी, थांबलोय.”

“मग ताक घ्या की,” ती म्हणाली. बँकेने तीन ग्लास घेतले. समोर सुवेळा माचीवर ऊन उतरत होतं. चौथा ग्लास त्याने मागितला, तेव्हा मात्र वकील म्हणाला, “थांबा.”