करंजीच्या घाटातला पिवळा दिवा

भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जावे, ओवाळून घ्यावे, ताटात ओवाळणी घालावी, फराळाचा डबा काखेत मारावा आणि दुसऱ्या दिवशीच्या बसने परत यावे, असा आमच्या घरचा साधा रिवाज. गेल्या वर्षी मात्र ताईने ओवाळता ओवाळता निरांजनाच्या आडून हळूच एक कामगिरी माझ्या गळ्यात घातली.

"उद्या ह्याच्या गाडीतून मोहट्याला जाऊन ये. देवीचं दर्शन होईल, आणि तो दिवा लागतो का तेही बघ. लागला तर मला खरं सांग. हा मला काही सांगत नाही."

ताई नगरला सावेडीत राहते. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, आणि १७२५ साली अहिल्याबाई जिथे जन्मल्या ते चौंडी याच जिल्ह्यातले, तेव्हा ते शोभतेही. पण बसचा कंडक्टर अजून 'नगर, नगर' अशीच हाळी देतो आणि भाऊबीजेला निघालेल्या भावाला तेवढी पुरते. 'हा' म्हणजे माझा भाचा. त्याने चार वर्षांच्या पगारातून साठवून एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली. रंगाने लाल, आसने दोनच, आणि बुटकी इतकी की आत शिरायचे म्हणजे आधी नमस्कार घालावा आणि मग लोळण घ्यावी. मी मराठीचा प्राध्यापक. माझा आणि यंत्राचा संबंध पंख्याच्या बटणापलीकडे गेलेला नाही. पण बहिणीच्या ओवाळणीत हे काम आले, त्याला नाही कसे म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. भिंगार मागे पडले, पाथर्डीचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना ज्वारीची हिरवी रोपे वाऱ्यावर डुलू लागली. त्या दिव्याची हकीकत भाच्याने मला वाटेत सांगितली. गाडी घसरू लागली की तिला सावरून धरणारी एक योजना असते. १९९५ साली मर्सिडीझ-बेंझच्या एका महागड्या गाडीत ती प्रथम आली. ती बॉश कंपनीच्या साहाय्याने तयार झाली होती. पुढे १९९७ साली स्वीडनमध्ये एक नवी छोटी गाडी चाचणीत उलटली, तेव्हा ही सोय छोट्या गाड्यांनाही हवी हे जगाला पटले. प्रत्येक चाकाशी एक सेन्सर चाकाचा वेग मोजतो. चालकाने चक्र किती वळवले ते दुसरा सांगतो. गाडी खरोखर किती वळते आहे ते तिसरा. गाडीतला संगणक सेकंदाला पंचवीस वेळा ताळा पाहतो. चालकाला जायचे एकीकडे आणि गाडी चालली दुसरीकडे असे दिसले, की एखाद्याच चाकाला ब्रेक लावून तो तिला वाटेवर आणतो. हे काम चालू असताना समोरचा पिवळा दिवा लुकलुकतो. पण तो एकसारखा जळू लागला, तर योजना बंद झाली असे समजावे. गाडीचे चित्र आणि तिच्यामागे नागमोडी रेघा, असा तो दिवा.

"मग आपला लुकलुकतो की जळतो?" मी विचारले.

"जळतो. पण गाडी बंद करून पुन्हा चालू केली की जातो, मामा."

गेला म्हणजे बरा झाला, हे तर्कशास्त्र माझ्या ओळखीचे होते. विद्यार्थ्यांच्या परीक्षेपूर्वीच्या तापाला मी तेच लावतो.

करंजीच्या घाटात शिरलो. उजव्या हाताचे एक वळण घेतले, एका खड्ड्यात चाक आदळले आणि समोर पिवळा दिवा लागला. भाचा म्हणाला, "बघा, लागला. आता जाईल." पुढच्याच वळणावर ट्रॅक्टर उभा होता. मागे दोन ट्रॉल्या. दिवाळी झाली की पाथर्डीकडची कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात. त्यांतलीच ही माणसे. भांडी, बोचकी, शेळी, म्हातारी, पोरे, सारा संसार त्या ट्रॉल्यांवर. भाच्याने ब्रेक दाबला. चाके जागीच धरली गेली, रबराचा कर्कश आवाज झाला आणि गाडी वळायची सोडून सरळ घसरत निघाली. थांबली तेव्हा ट्रॉली आणि आम्ही यांच्यात हातभर अंतर होते. ट्रॉलीतली एक बाई पोराला पोटाशी घट्ट धरून आमच्याकडे पाहत होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

मोहट्यापर्यंत आम्ही दोघेही मुके होतो. देवीपुढे मी हात जोडले, ते नेहमीपेक्षा अंमळ जास्त वेळ.

परतताना चांदबिबीच्या महालापाशी थांबलो. नगरपासून तेरा-चौदा किलोमीटरवर डोंगरमाथ्यावर ही तीन मजली अष्टकोनी वास्तू उभी आहे. वरून सारा मुलूख ताटात वाढल्यासारखा दिसतो. नाव चांदबिबीचे, पण आत कबर आहे ती मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची. चांदबिबीने मोगलांशी झुंज दिली ती खाली नगरच्या किल्ल्यात, १५९५-९६ साली. तिचे नाव लोकांच्या मनात बसले, आणि डोंगरावरच्या वजिराच्या कबरीलाही तेच चिकटले. भाचा पायरीवर बसून म्हणाला, "मामा, आईला सांगू नका. गाडी विकायला लावील."

संध्याकाळी ताईने दारातच विचारले, "लागला होता का रे?"

"नाही गं," मी म्हणालो. माझा आवाज इतका सहज निघाला की मलाच नवल वाटले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी चहा घेताच भाच्याला म्हणालो, "चल, आज मिस्त्री."

यापूर्वी एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपमध्ये गाडी दोनदा जाऊन आली होती. यंत्र जोडून तिथे निदान झाले: पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर. तो बदलला. पंधरा दिवसांनी दिवा हजर. पुन्हा बदलला. पुन्हा हजर. मग सल्ला मिळाला की सगळा संगणकच बदलावा. त्याची किंमत ऐकून भाच्याने दिव्याशी जमवून घेतले होते. नगरचे मिस्त्री लष्करातून निवृत्त झालेले, मार्केट यार्डाच्या बाजूला त्यांची पत्र्याची शेड. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "लागतो केव्हा?"

"केव्हाही लागतो," भाचा म्हणाला.

"केव्हाही असं काही नसतं."

त्यांनी टायरची हवा पाहिली, चारही टायर एकाच मापाचे आहेत ना ते पाहिले, बॅटरीची तपासणी केली. कारण बॅटरी अशक्त असली किंवा एक टायर निराळ्या मापाचा असला तरी हा दिवा लागू शकतो. सगळे ठीक निघाले. मग त्यांनी एक वही माझ्या हातात दिली. "सर, तुम्ही लिहिणारे. दोन दिवस ह्यांच्या शेजारी बसा. दिवा लागला की लिहा: वेग किती, रस्ता कसा, वळण कुठलं, ब्रेक दाबला होता का. गाडी मात्र सावकाश, आणि पुढच्यापासून लांब. साधा ब्रेक लागेल, पण चाकं अडकू न देणारी सोयही बंद असते."

मला वळणावरचा तो कर्कश आवाज आठवला.

दोन दिवस आम्ही भिंगार ते करंजी अशा फेऱ्या घातल्या. आयुष्यात इतकी नीरस वही मी लिहिली नाही, आणि इतक्या आस्थेने वाचलीही नाही. दिवा सात वेळा लागला. ऊन-सावलीचा, वेगाचा, ब्रेकचा काही संबंध दिसेना. पण सातही वेळा वळण उजवीकडचे होते, आणि सहा वेळा रस्ता खडबडीत. डावीकडे वळताना एकदाही नाही!

मिस्त्रींनी वही वाचली आणि ते हसले. मग यंत्र जोडून ते भाच्याशेजारी बसले व एक फेरी मारून आले. चारही चाकांचे वेग त्यांनी मला पडद्यावर दाखवले. गाडी उजवीकडे वळली त्या क्षणी तीन चाके चाळिसाच्या वेगाने धावत होती आणि पुढचे डावे एकदम शून्यावर. पुढच्या क्षणी पुन्हा चाळीस.

"पळत्या गाडीचं एकच चाक असं थांबेल का, सर? नाही. संगणकालाही ते पटत नाही. खोट्या आकड्यावर ब्रेक लावण्यापेक्षा तो सगळं बंद करतो आणि दिवा लावतो. त्याच्यात बिघाड नाही."

गाडी उचलून चाक काढले. सेन्सर नवाच होता. पण त्याच्या पुढून गाडीच्या अंगाकडे जाणारी तार जुनी. चक्र उजवीकडे वळले की ती ताणली जाई, आणि वळताना भार डाव्या बाजूला येतो म्हणून खड्ड्यात हिसकाही बसे. मिस्त्रींनी मीटरची टोके तारेच्या दोन्ही बाजूंना लावली. मीटर एकसारखा गुणगुणू लागला. त्यांनी तार बोटाने वाकवली, गुणगुण थांबली. सोडली; पुन्हा सुरू. मग त्यांनी वरचे आवरण चाकूने चिरले. आत तांब्याचे बारीक तंतू हिरवे पडून तुटले होते, नुसते एकमेकांना टेकून होते. बाहेरून मात्र तार अशी अखंड की कुणाला संशयही येऊ नये.

"डाग देऊन जोडता येईल?" मी शहाणपणा केला.

"येईल. पण हलत्या जागी डाग कडक पडतो आणि त्याच्या शेजारीच पुन्हा तुटतं. नवी तारच मागवू."

तार पुण्याहून यायला एक दिवस लागणार होता. तो दिवस आम्ही रणगाड्यांच्या संग्रहालयात घालवला. चिलखती दलाचे केंद्र नगरला असल्याने १९९४ पासून हे संग्रहालय इथे आहे. १९६५ च्या युद्धात पकडलेला पॅटन पाहून भाच्याची छाती फुगली. रणगाड्याला वळवायचे चाक नसते. एका बाजूचा पट्टा मंद केला की तो त्या बाजूला वळतो, हे मिस्त्रींनी मला सांगून ठेवले होते. एका चाकाला ब्रेक लावून गाडी वाटेवर आणायची, ही युक्ती त्याच जातीची. आमच्या गावचा गाडीवान एका बैलाचा कासरा ओढून हेच करी.

नवी तार बसली. खर्च संगणकाच्या किमतीच्या मानाने इतका किरकोळ आला की भाच्याने मिस्त्रींना पुन्हा विचारून घेतले. करंजीपर्यंत दोन फेऱ्या झाल्या. दिवा लागला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भाचा म्हणाला, "आई, चल, मोहट्याला."

गाडीत जागा दोघांचीच. मी घरी राहिलो. ताई लोळण घेऊन आत कशीबशी बसली, पदर सावरला, आणि गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. मग मी वर्तमानपत्र उघडले. दोन तास झाले तरी पहिल्या पानावरच होतो. गेली दोन वर्षे ही बाई रोज संध्याकाळी कशी बसत असेल ते मला त्या खुर्चीत कळले.

दुपारी ताईचा फोन आला. "पोचलो. दिवा लागला नाही."

"चला, सुटलो!"

"घाटात त्यानं गाडी बाजूला घेतली आणि मला ते वळण दाखवलं," ताई म्हणाली. "ट्रॉलीचं सगळं सांगितलं. पोरानं सांगितलं रे. तू का नाही सांगितलंस?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. फोनवर देवळातली घंटा ऐकू येत होती.

"बरं, राहू दे," ती म्हणाली. "गाडी काही मी विकायला लावत नाही. पुढच्या भाऊबीजेला मात्र ओवाळणी दुप्पट घेणार."

ती भाऊबीज आता आठवड्यावर आली आहे. दुप्पट ओवाळणीचे पाकीट मी भरून ठेवले आहे; बरोबर त्या नीरस वहीची एक कोरी जोडीदारीणही घेतली आहे. ती मिस्त्रींची मिस्त्रींना परत करायची राहिली होती.