चुन्याचा हिशेब

शाळेच्या विज्ञानात चुना तुकड्यातुकड्यांनी भेटतो. अपघटनाच्या धड्यात चुनखडी तापते, उष्मादायी अभिक्रियेत चुनकळीवर पाणी पडतं आणि कार्बन डायऑक्साइड ओळखायला चुन्याची निवळी येते. तिन्ही ठिकाणी मुलं समीकरण पाठ करतात आणि पान उलटतात. हा एकच पदार्थ फिरून पुन्हा स्वतःपाशी येतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. रसायनशास्त्र शिकवताना मला विचाराल, तर मी सुरुवात चुन्यापासूनच करीन, आणि हातात तराजू घेऊन.

चुनखडी असो की कोकणात भाजतात ते शिंपले, मूळ पदार्थ एकच, कॅल्शिअम कार्बोनेट. भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम शुद्ध कार्बोनेटाची ५६ ग्रॅम चुनकळी उरते. उरलेले ४४ ग्रॅम कुठे गेले? आगीत जळाले, असं मुलं बेधडक सांगतात. त्यांना हसू नये. अठराव्या शतकात जाणकारांचीही समजूत फारशी वेगळी नव्हती: चुनकळी जिभेला भाजते, कारण भट्टीतला अग्नी तिच्यात शिरतो. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने वजनं करून ही समजूत मोडली. १७५६ साली छापलेल्या प्रयोगांत त्याने दाखवलं, की चुनकळीत काही शिरत नाही, उलट चुनखडीतून एक वायू निघून जातो. तोच आपला कार्बन डायऑक्साइड.

आता चुनकळी विरवू. (हे शिक्षकांनीच करावं, डोळ्यांना चष्मा लावून, चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते.) ५६ ग्रॅम चुनकळी १८ ग्रॅम पाणी पिते आणि ७४ ग्रॅम विरलेला चुना होतो. तो भिंतीला लावला, की पाणी उडून जातं आणि भिंत वाळली असं आपण म्हणतो. खरं काम त्यानंतर चालतं. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, पण चुना तो सावकाश ओढून घेतो. ७४ ग्रॅम चुना ४४ ग्रॅम वायू घेतो, १८ ग्रॅम पाणी सोडतो आणि पुन्हा १०० ग्रॅम कार्बोनेट होतो. म्हणजे रंगवलेली भिंत वाळल्यावरही जड होत जाते! द्रव्य अक्षय्यतेचा नियम तोंडपाठ असलेल्या मुलालाही हे पटकन पटत नाही. हवेलाही वजन असतं, ही गोष्ट त्याने परीक्षेपुरतीच मानलेली असते.

उष्णतेचा हिशेब तर मला याहून देखणा वाटतो. १०० ग्रॅम कार्बोनेट फोडायला भट्टीला सुमारे १७८ किलोज्यूल ऊर्जा द्यावी लागते. चुनकळी विरताना त्यातली ६५ परत मिळते. कपभर थंड पाणी उकळीला यावं एवढी. राहिलेली ११३ भिंतीवर चुना घट्ट होताना हळूहळू सुटते, इतकी हळू की हाताला कळतही नाही. म्हणजे अग्नी आत शिरतो म्हणणारे अगदीच चुकले नव्हते. भट्टीने दिलेलं परत येतंच, फक्त ते तराजूवर दिसत नाही. ब्लॅकचा हिशेब द्रव्याचा होता, यांचा ऊर्जेचा, आणि दोन्ही एकाच वहीत मांडायचे नव्हते एवढंच.

राहिली निवळी. पानवाल्याकडचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, की वर नितळ पाणी येतं. एका लिटरात दीडएक ग्रॅमच चुना विरघळलेला, पण चिमूटभर हळदीचा रंग लाल करायला तेवढा पुरतो. नळीने त्यात जपून फुंकर घातली, की ती दुधाळ होते. इथे पुस्तक थांबतं. मुलं थांबत नाहीत, फुंकतच राहतात, आणि दुधाळपणा ओसरू लागतो. प्रयोग बिघडला म्हणून ते पाणी ओतून देऊ नये. जास्तीच्या वायूने कार्बोनेटाचं विरघळणारं बायकार्बोनेट झालेलं असतं. ते पाणी उकळून बघा, गढूळपणा परत येतो. चुनखडीच्या गुहांमध्ये छतापासून लोंबणारे दगडी सुळे होतात ते याच अभिक्रियेने, फक्त तिथे उकळावं लागत नाही.