बिनएंजिनाची भरारी

वैशाखातील भर दुपारी, झाडाचे पानही हलत नसताना, घार आकाशात संथपणे घिरट्या घालीत असते. तिचे पंख पसरलेले असतात, पण हलत नाहीत; तरी प्रत्येक वळणाला ती थोडी वर गेलेली दिसते. तिला वर नेते तरी कोण? या प्रश्नाने माणसाला शतकानुशतके छळले आहे. जर्मनीतील ओटो लिलिएनथाल बालपणी करकोच्यांचे उड्डाण तासन् तास न्याहाळीत असे. मोठेपणी त्याने लाकडी सांगाड्यावर कापड ताणून पंख तयार केले, १८९४ साली बर्लिनजवळ सुमारे १५ मीटर उंचीची टेकडी मुद्दाम उभारली, आणि तिच्या उतारावरून धावत येऊन वाऱ्यावर अंग झोकून दिले. अशी उड्डाणे त्याने हजारांवर केली. ऑगस्ट १८९६ मध्ये मात्र तो खाली कोसळला व दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याच्या प्रयोगांची हकीकत वाचून अमेरिकेतील राइट बंधू या विद्येकडे वळले. १९०३ मध्ये त्यांचे एंजिनाचे विमान उडाले खरे, परंतु त्यापूर्वीची तीन वर्षे ते बिनएंजिनाच्या ग्लायडरवरच हात बसवीत होते.

एंजिन आल्यावर ग्लायडर अडगळीत पडावयाचे; पण तसे झाले नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर एंजिनाच्या विमानांबाबत निर्बंध आले, तेव्हा तेथील तरुण ग्लायडर घेऊन डोंगरमाथ्यावर गेले, आणि १९२० पासून वासरकुप्पे येथे त्यांच्या स्पर्धा भरू लागल्या. आपल्याकडेही पुण्याजवळ हडपसर येथे सरकारी ग्लायडिंग केंद्र निघाले. १९६१ साली ‘रोहिणी’ हे भारतीय बनावटीचे ग्लायडर प्रथम उडाले. त्यात शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसत.

ग्लायडिंग क्लबात नव्याने दाखल होणाऱ्याला वाटत असते, की आता आपण थेट आकाशात जाणार. पहिल्या दिवशी त्याच्या वाट्याला येते ते धावणे! ग्लायडरला एकच मुख्य चाक असते. त्यामुळे जमिनीवर त्याचा एक पंख टेकलेला राहतो. तो उचलून धरावयास आणि सुटताना त्याच्याबरोबर चार पावले पळावयास कोणी तरी लागते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच नावाचे यंत्र असते. ते लांबच लांब तार वेगाने गुंडाळू लागले, की तारेला जोडलेले ग्लायडर पतंगासारखे वर चढते. ती तार परत आणणारा, इशारा देणारा, वेळ टिपणारा अशी माणसे खाली राबतात, तेव्हा एकजण वर जातो. आणि जो आज वर गेला, तोच थोड्या वेळाने दुसऱ्याचा पंख धरून पळत असतो. क्लबातील खरी ओळख या पळापळीतच होते.

मग शिक्षकाबरोबर धडे सुरू होतात. अर्ध्या-पाऊण मिनिटात जमीन तीनशे मीटर खाली जाते, तार सुटते, आणि पंखांवरून जाणाऱ्या वाऱ्याची सळसळ तेवढी ऐकू येते. नवशिक्याला भीती वाटली, की तो हातातील दांडी स्वतःकडे ओढतो. ग्लायडरचे नाक वर केले म्हणजे आपण वर राहू, असा त्याचा भाबडा हिशेब असतो. प्रत्यक्षात तसे केल्याने वेग मरतो आणि पंखांची धारणशक्तीच नाहीशी होते. म्हणून खाली पडण्याचे भय वाटेल तेव्हाच नाक खाली करावयाचे! ही गोष्ट बुद्धीला लगेच पटते, हाताला पटावयास मात्र पुष्कळ दिवस लागतात. समोरच्या काचेवर चिकटवलेला लोकरीचा लहानसा धागा वळण नीट झाले की नाही ते सांगतो. धागा तिरका झाला, की विद्यार्थ्याची चूक उघडी पडते.

एके दिवशी शिक्षक खाली उतरतात आणि शेजारचा पट्टा रिकाम्या आसनावर आवळून बांधतात. “आता तुम्ही एकटे जा,” एवढेच ते म्हणतात. ओझे कमी झाल्यामुळे ग्लायडर नेहमीपेक्षा लवकर वर उठते, आणि शेजारी कोणी नाही याची जाणीव विद्यार्थ्याला त्या उसळीनेच होते.

एकट्याने उतरणे जमले, तरी भरारी अजून दूरच असते. नांगरलेले रान, खडकाळ माळ यांसारख्या जागा उन्हाने लवकर तापतात. तेथील हवा हलकी होऊन वर चढते आणि पुष्कळदा तिच्या माथ्यावर कापसाच्या पुंजक्यासारखा ढग जमतो. घारीला वर नेते ती हीच हवा. ग्लायडरचा एक पंख अवचित उचलला गेला, तर ज्या बाजूने हवेने ढकलले तिकडेच वळावयाचे असते. चढउतार दाखविणाऱ्या यंत्राचा काटा वर सरकतो. एक घिरटी, दुसरी घिरटी. शेते चौकटीएवढी होतात, रस्ता दोरीएवढा. पण वर चढणारी ही हवा वाऱ्याबरोबर वाहतही असते. विद्यार्थी मान वळवून पाहतो, तो मैदान कितीतरी मागे राहिलेले! काटा अजून वरच आहे. आणखी दोन घिरट्या घेण्याचा मोह अनावर असतो. परंतु परतताना वारा समोरून येणार, आणि वाटेत उंची संपली तर ती परत देणारे एंजिन नाही. तो काट्यावरची नजर काढतो, चढती हवा सोडतो आणि नाक मैदानाकडे वळवितो.

परतीच्या वाटेवर काटा सारखा खालीच असतो. कडेची झाडे मोठी होत येतात, ती पंखांखालून मागे जातात, आणि चाक गवताला लागते. ग्लायडर थांबून एका बाजूला कलते. तो पट्टा सोडून बाहेर येतो, तोवर दुसरा विद्यार्थी आसनाजवळ येऊन उभा असतो. शिक्षक उड्डाणाची मिनिटे वहीत लिहितात, आणि तो टेकलेला पंख उचलून धरतो.