कोमट पातेल्याची साक्ष

अंदाजाने काम करणे हा गृहिणीचा जन्मसिद्ध हक्क आहे. जिन्यावर पावले वाजली, की कोण आले हे दार उघडण्याआधीच तिला कळते. पावले दिरांची असली तर ती चहाचे आधण ठेवते. शेजारच्या वहिनींची असली तर डब्यातला चिवडा बशीत काढते. दहांत नऊ वेळा अंदाज बरोबर ठरतो आणि पाहुण्याला वाटते, काय तत्परता आहे या घरची! दहाव्या वेळी मात्र दारात मीटर बघायला आलेला माणूस उभा असतो. मग ते आधण मुकाट्याने मोरीत ओतायचे आणि काही झालेच नाही अशा चेहऱ्याने बाहेर यायचे.

काही झालेच नाही असे आपण म्हणतो खरे. पण पातेले कोमट असते. कोणी आत येऊन त्याला हात लावला, तर आपण कोणाची वाट पाहत होतो हे त्याला सांगावे लागत नाही.

वाचकहो, अशाच एका कोमट पातेल्याने २०१८ सालच्या जानेवारीत जगभरच्या संगणकवाल्यांची झोप उडवली. आणि आमच्या नाशिकच्या एका लहानशा पतसंस्थेच्या सभेत त्यावरून चांगली खडाजंगी झाली, ती मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

मी निवृत्त शिक्षिका. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात स्त्रियांसाठी दोन जागा राखून ठेवाव्या लागतात. त्यांपैकी एका खुर्चीवर मी त्या वेळी बसत होते. पतसंस्थेत फक्त पैसे असतात असे बाहेरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात तिथे माणसांची गुपिते असतात. पंचवटीकडच्या एक आजी दर तीन महिन्यांनी व्याज न्यायला यायच्या. पाटल्या मोडून त्यांनी ठेव ठेवली होती. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, पोरांना ठाऊक नाही हो. कळलं तर ही ठेव माझी राहायची नाही." ती ठेव केवढी, वारस म्हणून नाव कोणाचे, हे त्यांना आणि आमच्या वहीला माहीत. आणि ती वही आता कपाटात नव्हती, संगणकात होती. तोही आमच्या कचेरीत नव्हता. हिशेबाची व्यवस्था पुरवणाऱ्या मंडळींनी ती दूर कुठेतरी भाड्याच्या यंत्रावर नेऊन ठेवली होती.

त्या मंडळींचे पत्र आले. प्रोसेसरमध्ये दोष सापडला आहे. त्यावर उपाय म्हणून यंत्राच्या मूळ व्यवस्थेत दुरुस्ती करावी लागेल. दुरुस्तीनंतर काम थोडे मंदावेल. तरी आता करायची की मार्चअखेरीनंतर, ते कळवावे. पत्रात 'कॅश' हा शब्द चार वेळा आल्यामुळे आमचे एक ज्येष्ठ संचालक दचकले. रोकड चोरीला जाणार असे वाटून त्यांनी खजिनदारांकडे असे काही पाहिले, की बिचाऱ्यांनी पाणी मागवले.

अध्यक्षांचे म्हणणे सरळ होते. "पैसे मोजून यंत्र वेगवान घेतले. आता ते मुद्दाम हळू करायचे, तेही मार्चच्या तोंडावर? एप्रिलमध्ये बघू." बहुतेकांनी माना डोलावल्या. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

त्याच आठवड्यात संक्रांतीला माझा भाचा पुण्याहून आला होता. संगणकाच्या पोटातले काम हाच त्याचा धंदा. तिळगूळ हातावर ठेवताच मी त्याला पत्र दाखवले. त्याने विचारले, "आत्या, तुला यातलं काय समजलं नाही?" मी म्हटले, "शेवटचं 'आपला विश्वासू' सोडून सगळं."

मग त्याने मला स्वयंपाकघरात नेऊन समजावले. प्रोसेसर हा भलताच चपळ नोकर. सेकंदाला तीन अब्ज ठोके पडतात, इतकी त्याची घाई. पण त्याला लागणारी माहिती मुख्य स्मरणकोठारातून आणायची तर शेकडो ठोके वाट पाहावी लागते. रिकामा बसणे त्याच्या स्वभावात नाही. म्हणून तो अंदाज करतो. पुढे बहुधा असे सांगतील, असे समजून ते काम आधीच करून ठेवतो. अंदाज बरोबर निघाला तर वेळ वाचला; चुकला तर केलेले काम रद्द. ही युक्ती काही नवी नाही. पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचे नाव ज्याच्याशी जोडले जाते, तो १९९३ चा पेंटियमही वाटेला फाटा फुटला की कोणत्या बाजूला जायचे याचा अंदाज बांधत असे. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून तर हुकमांचा क्रम सोडून पुढची कामे आधीच उरकण्याची पद्धत इंटेलच्या प्रोसेसरांत रूढ झाली.

"यात वाईट काय?" मी विचारले. "मीही तेच करते."

"वाईट काही नाही. पण आता गंमत बघ. संगणकात एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. तुमच्या संस्थेतल्या व्यवस्थापकासारखा. सगळ्या कपाटांच्या किल्ल्या त्याच्याकडे. बाकीचे प्रोग्राम म्हणजे काउंटरबाहेरची गिऱ्हाइकं. हवं ते त्यांनी व्यवस्थापकाकडे मागायचं, आत यायचं नाही. पण वेग यावा म्हणून तिजोरीची खोली दिवाणखान्याला लागूनच ठेवलेली. दार उघडं, दारावर पहारेकरी. आता समज, तुझ्या ओट्यावर २५६ पातेली आहेत. मी परका माणूस. मी तुझ्या नोकराला सांगतो, 'तिजोरीतला आकडा बघ आणि त्या नंबरचं पातेलं चुलीवर ठेव.' पहारेकरी ओरडतो, याला परवानगी नाही! पण तो ओरडेपर्यंत चलाख नोकराने आकडा बघून पातेलं चढवलेलंही असतं. मग हुकूम रद्द होतो. आकडा मला कोणी सांगत नाही. मी फक्त एकेका पातेल्याला हात लावत जातो. १७३ वं कोमट लागलं. म्हणजे तिजोरीत १७३ होता."

संगणक आपली नावे, रकमा, परवलीचे शब्द, सारे काही ० ते २५५ या आकड्यांच्या तुकड्यांत ठेवतो. पातेले कोमट म्हणजे तो तुकडा प्रोसेसरजवळच्या छोट्या फडताळात आलेला असणे. या फडताळालाच कॅश म्हणतात. आमच्या खजिनदारांचा त्याच्याशी काही संबंध नाही. फडताळातली वस्तू चटकन मिळते, कोठारातली उशिरा, एवढ्या फरकावर चोराचे काम होते. शोधकांनी या रीतीने गाभ्यातली माहिती सेकंदाला ५०३ किलोबाइटपर्यंत वाचून दाखवली.

या चोरीला त्यांनी 'मेल्टडाउन' असे नाव दिले. दुसरीचे नाव 'स्पेक्टर', म्हणजे भूत. तिच्यात नोकराच्या अंदाजालाच वळण लावतात. आठ दिवस रोज चार वाजता दिरांसारखी पावले वाजवायची. नवव्या दिवशी नोकर आपण होऊन हवे ते पातेले चढवतो. मेल्टडाउनचा तडाखा मुख्यतः इंटेलला बसला. स्पेक्टरने इंटेल, एएमडी आणि एआरएम या तिन्ही घराण्यांना गाठले. गूगलच्या यान हॉर्नने १ जून २०१७ रोजी कंपन्यांना हे कळवले होते. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या तंत्रविद्यापीठातले डॅनियल ग्रुस आणि त्यांचे सोबती, तसेच इतर काही जण स्वतंत्रपणे तिथेच पोचले. ३ जानेवारी २०१८ रोजी जगाला सारे कळले.

उपाय काय? ग्राझच्याच मंडळींनी २०१७ च्या उन्हाळ्यात, वेगळ्या कारणासाठी, 'कैसर' नावाची एक योजना मांडली होती. तिजोरीची खोली दिवाणखान्याच्या नकाशातून काढूनच टाकायची. गिऱ्हाइकाच्या हाती जो नकाशा, त्यात निरोप देण्यापुरती एक खिडकी. बाकी गाभा त्यात दाखवायचाच नाही. जी खोली नकाशातच नाही, तिचे दार चलाख नोकर तरी कसे उघडणार? लिनक्सने हीच कल्पना घेतली, विंडोजने आणि ॲपलनेही आपापल्या परीने तेच केले. मात्र गाभ्याकडे जाताना एक नकाशा गुंडाळून दुसरा उलगडायचा, परत येताना पुन्हा तेच. वारंवार आत-बाहेर करणाऱ्या कामाला म्हणूनच उशीर होतो, आणि व्याजाच्या नोंदी करणे हे नेमके तसलेच काम.

भुतासाठी गूगलच्या पॉल टर्नर यांनी आणखी मजेदार तोड काढली. नोकराचा अंदाज धावत सुटतो तिथे एक गोल वाट आखून ठेवायची. अंदाज तिच्यात गरगर फिरत राहतो, आणि खरा हुकूम येईपर्यंत कुठेच पोचत नाही. आपल्याकडे रानात चकवा लागतो तो हाच! भुताला चकवा लावण्याची ही पहिलीच वेळ असावी.

हे ऐकताना मला माझे मामा आठवले. ते नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यात होते. १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जातात, त्यामुळे आमच्या गावाला पहाऱ्याचे अप्रूप नाही. मामा सांगत, चांगल्या नोटेपेक्षा बिघडलेल्या तावाचा हिशेब कडक. रंग फाकला, आकडा सरकला, ताव रद्द झाला, तरी तो टाकून द्यायचा नाही. मोजून परत द्यायचा, आणि मोजूनच नष्ट करायचा. "रद्द झाला म्हणजे नाहीसा झाला असं नसतं, बाळ," असे ते म्हणत. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी चांगल्या मालाचा हिशेब चोख ठेवला. रद्द केलेल्या तावांचा मात्र कोणी ठेवला नव्हता. रद्द काम उत्तरात दिसत नाही, म्हणजे ते घडलेच नाही, असे दोन दशकांहून अधिक काळ धरून चालले होते.

पुढच्या बैठकीत मी एवढेच सांगितले. भाड्याच्या यंत्रावर आपण एकटे नाही. वाड्यात बिऱ्हाडे असावीत तशी तिथे अनेक संस्थांची कामे चालतात. कोणाचे पाहुणे कसे, आपल्याला माहीत नाही. आणि पातेल्याला हात लावून गेलेला माणूस मागे काही खूण ठेवत नाही. तिजोरी फुटली तर निदान सकाळी समजते. ही चोरी समजणारच नाही. मग मी त्या आजींची गोष्ट, नाव न सांगता, सांगितली. अध्यक्ष बराच वेळ पेन्सिलीने टेबलावर ठकठक करत राहिले. शेवटी म्हणाले, "रविवारी रात्री करा म्हणावं. मार्चला आपण दोन तास जास्त बसू."

आणि मार्चअखेरीला खरोखरच बसावे लागले. व्याजाच्या नोंदी रेंगाळल्या, कर्मचारी कुरकुरले, अध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून सर्वांना मिसळ खाऊ घातली. आजींचे व्याज नेहमीच्या दिवशी त्यांच्या हातात पडले. मधे काय झाले हे त्यांना कधी कळले नाही, आणि कळण्याचे कारणही नव्हते.

हे प्रकरण तिथेच संपले नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये 'फोरशॅडो', मे २०१९ मध्ये 'झोम्बीलोड' अशी नवी भुते निघाली. जुलै २०२२ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी 'रेटब्लीड' काढून दाखवले, की काही जुन्या प्रोसेसरांवर तो चकवाही चुकवता येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये 'डाउनफॉल' आले. नव्या प्रोसेसरांत मेल्टडाउनचा बंदोबस्त मुळातच केलेला असतो. पण अंदाज करणारा नोकर कोणालाच काढून टाकता येत नाही, कारण त्याच्याविना यंत्र फारच मंद होईल. म्हणून गाभा सांभाळणारे लोक एकेक फट बुजवत बसले आहेत, आणि प्रत्येक लिंपणाला थोडा थोडा वेग मोजत आहेत.

तेव्हा या दिवाळीत फराळाचे ताट हातात असताना तुमचा फोन किंवा संगणक म्हणाला, की मला दुरुस्तीसाठी दहा मिनिटे द्या, तर त्याला 'नंतर बघू' म्हणून वाटेला लावू नका. चकली खात बसा. दहा मिनिटांत तुमचे काही बिघडत नाही; आणि ज्या कोणाचे गुपित तुमच्या यंत्रात ठेवलेले असेल, त्याची रात्र निवांत जाईल.