आजोबांची गिरणी आणि फिलिप्सचं घड्याळ

परवा बाबांचा फोन आला. तब्येत, पाऊस, शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न वगैरे झाल्यावर नेहमीचा प्रश्न: "ती पावती तुझ्याकडे स्कॅन करून ठेवली आहेस ना रे?" ठेवली आहे. आजोबांच्या घराच्या अर्जाची पावती. आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांचा साचा जो थांबला तो थांबलाच. २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली, आजोबांचा नंबर काही लागला नाही. पुढच्या वर्षी ते गेले. पावती राहिली.

गंमत म्हणजे फोन आला तेव्हा मी एका बंद पडलेल्या कारखान्यातच कॉफी पीत बसलो होतो.

आमचं आइंडहोवन म्हणजे फिलिप्सचं गाव. १८९१ साली इथे बल्बचा कारखाना निघाला आणि त्याच्याभोवती शहर वाढलं. आपल्याकडे फळीवर क्रोशाचं कव्हर घालून ठेवलेला रेडिओ असायचा, त्या कंपनीचं हे माहेर. शहराच्या पश्चिमेला स्ट्राइप-एस नावाचा भाग आहे. सुमारे २७ हेक्टर, म्हणजे आपले ६७ एकर. सगळा फिलिप्सचा. पास असल्याशिवाय आत सोडत नसत, म्हणून गावकरी त्याला 'निषिद्ध शहर' म्हणायचे. कंपनीची प्रयोगशाळाही इथेच होती. १९२३ साली आइनस्टाइन ती बघायला आला होता. आणि इंजिनियर मंडळींनो, सेकंड इयरला नेटवर्क्समध्ये ज्याच्या प्रमेयाने छळलं तो टेलेजेन याच प्रयोगशाळेतला! १९२६ साली पेंटोडचा शोध लावला तोही त्यानेच. हे कळल्यावर मी त्या इमारतीला मनातल्या मनात नमस्कार केला (आणि थोड्या शिव्याही घातल्या).

पुढे प्रयोगशाळा गावाबाहेर गेली, उत्पादन स्वस्त देशांत गेलं, १९९० च्या सुमारास कंपनीने जगभर हजारो माणसं कमी केली, आणि शेवटी या पांढऱ्या काँक्रीटच्या लांबलचक इमारती रिकाम्या झाल्या. इथवरची गोष्ट आपल्याला पाठच आहे.

पुढची वेगळी आहे. नगरपालिका एका मोठ्या बांधकाम कंपनीबरोबर भागीदारीत उतरली, आणि जुन्या इमारतींपैकी बऱ्याच ट्रुडो नावाच्या गृहनिर्माण संस्थेकडे आल्या. इथल्या गृहनिर्माण संस्था म्हणजे आपल्या सोसायट्या नव्हेत. त्या नफ्यासाठी न चालता घरं बांधतात आणि बेताच्या भाड्याने देतात. देशातल्या चारपैकी एकाहून जास्त घरं अशा संस्थांची आहेत. फिलिप्स बंधूंच्या नावाच्या 'आंतोन' आणि 'खेरार्ड' या इमारतींमध्ये घरं झाली, तळमजल्यावर दुकानं आणि कामाच्या जागा आल्या. टेलेजेनच्या प्रयोगशाळेत आता सिनेमा दाखवतात. डोक्यावरून जाणारे जुने पाइप तसेच ठेवलेत. मी पीएचडीला आलो त्या वर्षी, २०१५ च्या डिसेंबरात, जवळच्या छोट्या स्टेशनलाही स्ट्राइप-एसचं नाव दिलं.

घड्याळाच्या मनोऱ्याची जी इमारत आहे, तिच्यात बँडवाल्यांच्या सरावाच्या खोल्या आहेत. एकदा हिवाळ्यात सायकल लावताना आतून ड्रमचा आवाज ऐकू आला. एकच ठेका, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मला एकदम गावकऱ्यांची खोली आठवली. मी ती पाहिलेली नाही, आजोबांकडून ऐकलेली. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी पंचवीस माणसं, आणि शनिवारी तिथेच भजनाची तालीम. पखवाज आजोबांकडे असायचा. संपानंतर तो गावी गेला आणि माळ्यावर पडला.

इथे खाली बाजार आणि वर गाड्यांचं पार्किंग असलेलं एक जुनं गोदाम आहे. तिथे कॉफीला एक आजोबा नेहमी भेटतात. पंधराव्या वर्षी फिलिप्समध्ये लागले. माझं मोडकंतोडकं डच ते शांतपणे ऐकून घेतात. एकदा 'आंतोन'कडे बोट दाखवून म्हणाले, "ती तिसऱ्या मजल्यावरची खिडकी दिसते का? तिथे माझं टेबल होतं." खिडकीत कुणाच्या तरी कुंड्या होत्या. मी विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाले, "रिकामी होती तेव्हा वाटायचं."

माझ्या आजोबांना बाबांनी एकदा त्यांच्या गिरणीच्या जागी झालेल्या मॉलमध्ये नेलं होतं. चिमणी तेवढी ठेवली होती. तिच्यावरून अंदाज घेत त्यांनी आपलं साचेखातं शोधलं. तिथे बुटांचं दुकान होतं. ते दारातूनच मागे फिरले.

मुंबईतल्या गिरण्यांची जमीन होती सुमारे ६०० एकर, म्हणजे नऊ स्ट्राइप-एस. १९९१ च्या नियमात तिचे तीन वाटे सांगितले होते: एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये 'जमीन'चा अर्थ 'आधीपासून रिकामी असलेली जमीन' असा झाला. शेड उभी होती तेवढी जागा वाटणीतून गेली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. आम्ही सिम्युलेशनमध्ये एक बाउंडरी कंडिशन बदलली की अख्खं उत्तर बदलतं, तसलाच प्रकार.

आता इथे सगळं गोड आहे असं नाही. इमारती रिकाम्या असताना नाममात्र भाड्यात आलेले कलाकार भाव वाढल्यावर हळूहळू निघून गेले. काही घरांची भाडी ऐकून माझ्यासारख्यालाही घाम फुटतो. पण २०२१ साली स्तेफानो बोएरीने इथे झाडांनी मढवलेला १९ मजली मनोरा उभा केला. मिलानमध्ये त्याने असेच मनोरे केलेत ते श्रीमंतांसाठी. इथली १२५ घरं मात्र बेताच्या भाड्याची.

तर बाबांना मी फोनवरूनच कॅमेरा फिरवून हा मनोरा दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कामगाराला मिळतं यात घर?"

"मिळतं. पण अर्ज करावा लागतो. यादी मोठी आहे, वर्षानुवर्षं थांबतात लोक."

बाबा हसले. "पावती नीट जपून ठेवा म्हणावं त्यांना."